कसली तीज?

यवतमाळ
३० ऑगस्ट २०२५

मा. वर्षा आडे मॅडम, डिलिव्हरी हेड, पुणे

सप्रेम नमस्कार लिहिणार नाही. प्रेम शिल्लक नाही आणि खोटं लिहायची मला सवय नाही. ती आपल्याला आहे.

आपण माझा नंबर ब्लॉक केलात. ऑफिसच्या मेलवर लिहावं तर चार जण डोकावतात. म्हणून पोस्टानं लिहिते आहे. पोस्टाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "पुण्याले पत्र? काहून मॅडम, फोन नाई लागत काय?" म्हटलं, लागतो, पण उचलणारीचे हात फार मोठे झालेत, त्यात फोन मावत नाही.

आपला अहवाल वाचला. औषध दुकानांच्या बिलिंगची नवी आवृत्ती सोळा ऑगस्टच्या शनिवारी सोडली आणि रविवारी सकाळी दुकानं उघडली तर बिलं निघेनात. दुपारपर्यंत गिऱ्हाइकं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हातात घेऊन ताटकळली. हे सगळं खरं आहे. मी आणि आणखी दोघी त्या दिवशी यवतमाळच्या ऑफिसात होतो, आम्हीच ते निस्तरलं. पुण्याहून एक माणूस फोनवर आला नाही. पण आपण अहवालात काय लिहिलंत? "यवतमाळच्या टीम लीडने स्थानिक सणाचे कारण देऊन निम्मी टीम सोडली. नेतृत्वाच्या जबाबदारीसाठी त्या अद्याप तयार नाहीत."

यवतमाळ सेंटरच्या हेडची जागा डिसेंबरात भरणार आहे, हे आपल्याला ठाऊक होतं. सेंटर उघडल्यापासून तिथं नागपूरचे नाहीतर पुण्याचे साहेब येतात, मे महिन्यातलं ऊन बघतात आणि बदली मागतात. काम मी करते. यंदा पहिल्यांदा यादीत बाईचं नाव होतं, आणि तेही इथल्याच बाईचं. त्या नावावर आपण एका ओळीत माती टाकलीत.

आता हे 'आपण' पुरे झालं. वर्षा, स्थानिक सण? तीज तुझ्यासाठी स्थानिक सण कधीपासून झाली? कॉलेजात असताना उमरखेडच्या एसटीनं मला तुझ्या तांड्यावर कोण घेऊन गेलं होतं? टोपल्यांत गहू पेरलेले, पोरी गाणी म्हणत पाणी घालतायत, आणि नऊ दिवस कुणी टोपली सोडून कुठं जायचं नाही. नायकाला विचारल्याशिवाय तीज बसत नाही, म्हणून तुम्ही सगळ्या घोळक्यानं नायकाकडं गेलात. नायक म्हणजे तुझे वडील, रूपसिंगकाका. माझ्याकडं बघून म्हणाले होते, "हे मोहिउद्दीन मिस्त्रीची पोरगी ना? इलेबी टोपली द्या." यवतमाळातल्या मेकॅनिकच्या मुलीला टोपली देणारा बाप तुझा, आणि त्या टोपलीला स्थानिक सण म्हणणारी लेक त्याचीच.

माझ्या टीममधल्या निम्म्या मुली तांड्यांवरच्या आहेत. विसर्जनाच्या दिवशी त्यांनी ऑफिसात बसावं हे जगातला कुठलाही मॅनेजर सांगू शकतो. तू सांगू शकत नाहीस.

अहवाल बदल. नाहीतर माझ्याशी गाठ आहे.

गझाला


पुणे
९ सप्टेंबर २०२५

गझाला,

पत्र मिळालं. रिसेप्शनवरच्या मुलीनं ते सगळ्यांसमोर आणून दिलं, वर विचारलं, "मॅडम, गावाकडून आलंय का?" यापुढे लिहायचंच असेल तर घरच्या पत्त्यावर लिही. पत्ता खाली दिला आहे.

अहवाल बदलणार नाही. त्यात खोटं काय आहे? निम्मी टीम नव्हती. बिलं बंद पडली. टीम लीड तू होतीस. आणि बिलं जिथं अडकली तो औषधांच्या मुदतीचा भाग ज्यांनी लिहिला, त्याच दोघी, सोनू आणि जमनी, नेमक्या नव्हत्या. एकीला तरी थांबवायचं होतंस. तांड्यावर रेंज नसते हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे.

तुझा घोळ सांगू? तुला सगळ्यांची आपा व्हायचं असतं. कुणाचं लग्न, कुणाची परीक्षा, कुणाची तीज, गझाला आपाला सांगितलं की झालं. आपा होणं सोपं आहे. हेडला नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हटल्यावर जेवणाच्या सुट्टीत एकटीनं डबा खावा लागतो. मी गेली कित्येक वर्षं तसाच खाते. भावाच्या लग्नात मी मांडवामागं खुर्ची टाकून लॅपटॉपवर बसले होते. वऱ्हाडातल्या बायका मला बघायला येत होत्या, नवरीला नाही. याडी रडली, म्हणाली आईचंही ऐकत नाहीस. मी काम संपवूनच उठले. त्या कामावर मला पुढची बढती मिळाली. पुरुषांच्या चुका इथं अनुभव म्हणून मोजल्या जातात, आपल्या चुका पुरावा म्हणून. हे तुला यवतमाळात बसून कळणार नाही.

राहिला सणाचा मुद्दा. तारीख गिऱ्हाइकाला हवी होती, पंधरा ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्टीत. तीज त्याच दिवशी येते हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी विचार केला असता. कुणी सांगितलं नाही.

आणि एक. माझा बाप, माझा तांडा, माझं गाव यातलं काहीही पुन्हा कागदावर आणू नकोस. त्याचा ऑफिसशी संबंध नाही.

वर्षा


यवतमाळ
१६ सप्टेंबर २०२५

वर्षा,

"कुणी सांगितलं नाही." हे वाक्य मी अम्मीला वाचून दाखवलं. तिला ऑफिसातलं काही कळत नाही, तरी म्हणाली, "ये लडकी अपने घर में खाना खाती थी ना?"

आता जुलैतला कॉल आठव. तारीख ठरत होती. आपले डायरेक्टर धर्मपाल सर, एचआरच्या प्रभावतीबाई, पुण्याची सगळी मंडळी आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात मी. मी म्हटलं, सर, सतराला तीज आहे, माझी निम्मी टीम नसेल, आठवडाभर पुढं ढकलू या. सरांनी विचारलं, "तीज म्हणजे काय? वर्षा, तुम्हाला माहीत आहे?" आणि तू हसून म्हणालीस, "कसली तीज? मला काही कल्पना नाही सर. तिकडं असं काही ना काही चालूच असतं."

सगळे हसले. तू कॅमेरा बंद केलास.

मी गप्प बसले. तू पुण्यात स्वतःला नागपूरची म्हणवतेस हे मला माहीत होतं. आडे आडनावावरून तिथं कुणाला काही उमगत नाही, हेही माहीत होतं. तुझी झाकली मूठ मी त्या दिवशी सगळ्यांसमोर उघडली असती तर तारीख बदलली असती, दुकानं चालली असती आणि माझ्यावर शिंतोडाही उडाला नसता. मी तुला वाचवलं. त्याच्या मोबदल्यात तू माझ्यावर अहवाल लिहिलास! याला काय म्हणतात ते तूच शोध, तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

आणखी ऐक. सलग रजा असली की मंजुरी पुण्याहून लागते. सोनू, जमनी आणि बाकीच्या सगळ्यांच्या रजा तू मंजूर केल्या आहेस. महिनाअखेरीस तू सगळे अर्ज एकदम निवडतेस आणि एक टिचकी मारतेस. कारणाच्या रकान्यात प्रत्येकीनं 'तीज' लिहिलं होतं. तू वाचलंच नाहीस.

मला ही तारीख कशी लक्षात राहिली असं तुझ्या मनात येईल. आमचा रमजान दर वर्षी मागं मागं सरकतो, त्यामुळं काम ठरवताना चंद्राचं कॅलेंडर बघायची मला सवय आहे. ते उघडलं की राखी दिसते, अष्टमी दिसते, तुमची तीजही दिसते. तुझ्या भिंतीवर बहुतेक फक्त कंपनीचं कॅलेंडर असावं.

अजून एक, हे कागदावर आणू नकोस म्हणालीस म्हणून मुद्दाम आणते. लग्न झालेलं नाही तोवर पोरीची टोपली बसते म्हणून तुझी आई, रुपीबाई, दर वर्षी तुझ्या नावानं गहू पेरतात. जमनी तुझ्याच तांड्यावरची. यंदा तुझ्या टोपलीला पाणी तिनं घातलं. तिलाच तू अहवालात 'अनुपस्थित कर्मचारी' म्हटलं आहेस.

मी एचआरकडं रीतसर तक्रार केली आहे. प्रभावतीबाईंनी कमिटी नेमली. नोव्हेंबरात यवतमाळला सुनावणी आहे. तुलाही बोलावतील.

गझाला


पुणे
४ ऑक्टोबर २०२५

गझाला,

तक्रारीची प्रत मिळाली. काल दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं, याबद्दल तुझं अभिनंदन.

हे पत्र वाचून फाडून टाक. मी तुला आजवर सांगितलं नाही ते सांगते आहे, आणि ते तुझ्यावर माया आहे म्हणून नाही, दुसरा इलाज नाही म्हणून.

तुला वाटतं मला लाज वाटते. वाट्टेल ते वाटो. माझ्याआधी या खुर्चीवर कुमरेबाई होत्या, चंद्रपूरकडच्या. पूर्ण कंपनीत त्यांच्याएवढं काम कुणाला येत नव्हतं. एका दिवाळीच्या जेवणात त्या सहज बोलून गेल्या, आम्ही गोंड, आमचं गाव अमक्या जंगलाच्या कडेला. सगळ्यांनी वा वा केलं. पुढच्या वर्षी कंपनीनं त्या भागात एक छोटं सेंटर काढलं आणि ह्यांना तिकडं पाठवलं. तुमचीच माणसं आहेत, तुमच्याशिवाय कोण सांभाळणार, म्हणाले. हार घातला, फोटो काढला, तो अजून लिफ्टजवळ लावलेला आहे. कुमरेबाई अजून तिथंच आहेत. पुण्यातल्या कुठल्याच मीटिंगला आता त्यांना बोलावत नाहीत.

त्या दिवशी मी ठरवलं, मला 'आपल्या माणसांची' हेड व्हायचं नाही. मला सगळ्यांची हेड व्हायचं आहे. पुण्यातल्या मुलाला कुणी विचारतं का, तुझी माणसं कुठली म्हणून? तो नुसता हुशार असतो. मलाही नुसतं हुशार राहायचं होतं. कॉलवर तू तीज काढलीस आणि सरांनी माझं नाव घेतलं, तेव्हा मला लिफ्टजवळचा फोटो दिसला. तोंडातून जे निघालं ते निघालं. नंतर अहवाल लिहिताना कॉलमधलं बोलणं खरं धरूनच लिहावं लागलं. नाहीतर मीच उघडी पडले असते.

डिसेंबरात व्हाइस प्रेसिडेंटची जागा आहे. दोन नावं आहेत, त्यात एक माझं. कंपनीत त्या मजल्यावर आजवर बाई बसलेली नाही. तुझी तक्रार मागं घे. मी वर गेले की पुढच्या वर्षी यवतमाळची खुर्ची तुझी, शब्द देते. नाही घेतलीस, तर तुझ्या टीमच्या जुन्या चुका माझ्याकडं पुष्कळ आहेत. कमिटीला त्या आवडीनं वाचून दाखवीन.

वर्षा


यवतमाळ
१३ ऑक्टोबर २०२५

वर्षा,

धमकी आणि लाच एकाच परिच्छेदात. तू खरंच मोठी साहेब झालीस.

तक्रार मागं घेणार नाही. पुढच्या वर्षी तू दिलेली खुर्ची मला नको. ती या वर्षी माझी स्वतःची आहे.

कुमरेबाईंचं वाचून वाईट वाटलं. पण त्यांना ज्यांनी पाठवलं त्यांच्याशी भांडायचं सोडून तू माझ्यावर का घसरलीस? त्यांची भीती वाटते आणि माझी वाटत नाही, एवढंच ना? मग आता माझीही वाटू दे.

तू कुठली हे मी कमिटीला सांगणार नाही. ते माझं काम नाही. मी एवढंच सांगेन की तारखेची सूचना मी सर्वांसमोर दिली होती आणि रजा तू मंजूर केल्या होत्या. मग ते तुला विचारतील, तीज माहीत नव्हती का? उत्तर तुझं तू दे. जमनीलाही बोलावलं आहे, औषधांच्या मुदतीचं काय झालं ते सांगायला. तिच्यासमोर दे.

परवा रूपसिंगकाका अब्बांच्या गॅरेजवर आले होते, ट्रॅक्टर घेऊन. मला बघून म्हणाले, "वर्षा फोनवर नुस्तं काम हाय, काम हाय म्हंते. कामच हाय ना बेटा? आमच्यावर नाराज तं नाही ना थे?" मी म्हटलं, कामच आहे काका, फार काम आहे तिला. तुझ्यासाठी मी बोललेलं हे शेवटचं खोटं.

गझाला


यवतमाळ
२७ नोव्हेंबर २०२५

वर्षा,

तीन दिवस झाले, पत्र सुरू करते आणि फाडते. आज संपवूनच उठणार.

मी तुला ओळखलं नव्हतं. सुनावणीला तू पांढरा कोट घालून आलीस, माझ्याकडं न बघता बसलीस, तेव्हा म्हटलं झालं, ही आता माझ्या जुन्या चुकांचं पुराण उघडणार. जमनी तुझ्या समोरच्या खुर्चीवर, टेबलाकडं बघत बसलेली. धर्मपाल सरांनी तो प्रश्न विचारला. तू पाणी प्यायलीस. ग्लास खाली ठेवायला इतका वेळ लावलास की प्रभावतीबाईंनी पेन खाली ठेवलं.

आणि मग म्हणालीस, "माहीत होती सर. माझे वडील त्या तांड्याचे नायक आहेत. तीज कधी बसवायची ते त्यांनीच ठरवलं होतं. तारीख ठरवताना मी विसरले, आणि गझालानं आठवण करून दिली तेव्हा कबूल केलं नाही. टीम लीडची यात चूक नाही."

जमनीनं मान वर करून तुझ्याकडं पाहिलं ते पाहिलंच. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाईनं सांगून टाकलं आपा! मी तं खुर्ची धरून बसली होती, मले वाटलं आता नाईच म्हंते." मग संडासात जाऊन रडली. मी रडले नाही, माझं डोकं तुझ्यावर अजून तापलेलंच होतं, पण घरी येऊन अम्मीला तुझं ते बोलणं तीनदा म्हणून दाखवलं.

धर्मपाल सर किती खुश झाले बघितलंस? उठून तुझा हात हातात घेतला. मला वाटलं होतं चिडतील. माणूस दिसतो त्यापेक्षा बरा निघाला. मलाही जाताना म्हणाले, तुमच्या बाबतीत न्याय होईल. निकाल डिसेंबरच्या मध्यावर आहे.

अम्मीनं खोबऱ्याच्या वड्या केल्या आहेत, कुरिअरनं पाठवते. हेड झाले तर पहिला फोन तुला करीन. तेवढ्यासाठी तरी ब्लॉक काढ. आणि तू त्या वरच्या मजल्यावर पोचलीस तर मी सगळ्या मुलींना घेऊन पुण्याला येणार आहे, लिफ्टनं वर जायला.

तुझी
गझाला


पुणे
१७ डिसेंबर २०२५

गझाला,

ब्लॉक काढलेला नाही. वड्या पोचल्या, मी त्या शिपायाला दिल्या.

उद्या कंपनीचा मेल येईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं असं वाटलं, कारण तुझा चेहरा बघायला मी तिथं नसेन.

धर्मपाल सर का खुश झाले ते तुला समजलं नाही, मला तिथंच समजलं. यवतमाळहून विमानासाठी नागपूरला परत येताना गाडीत म्हणाले, "वर्षा, हे आधी सांगायचं ना! यवतमाळला आम्ही कधीपासून आपलं माणूस शोधतोय, आणि तुम्ही इथं बसलाय." मी म्हटलं, सर, गझाला आहे, तिला सेंटरची नस न् नस माहीत आहे. खरंच म्हटलं, विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. ते म्हणाले, "त्या चांगल्याच आहेत. पण टीममधल्या मुली तुमच्या समाजाच्या. त्यांना त्यांच्यातलं कुणीतरी हवं."

ऐकलंस? तुला टोपली मिळाली, तू पाणी घातलंस, त्यांच्या रजांसाठी तू भांडलीस, आणि तू त्यांच्यातली नाहीस. मी बारा महिन्यांतून एकदा घरी जाते, त्यांच्या रजेचं कारणसुद्धा वाचत नाही. आणि मी त्यांच्यातली.

पाच जानेवारीपासून यवतमाळ सेंटरची हेड मी आहे. तुझ्यावरचा ठपका काढला आहे. तू निर्दोष टीम लीड आहेस. व्हाइस प्रेसिडेंटच्या जागी पुण्यातला तो दुसरा बसला, ज्याला कुणी विचारत नाही त्याची माणसं कुठली म्हणून. काल माझा सत्कार झाला. हार, फोटो, सगळं. लिफ्टजवळ कुमरेबाईंच्या शेजारी जागा रिकामी आहेच.

तू मला बोलायला लावलंस. एका वाक्यात माझी खुर्ची गेली आणि तुझी मला मिळाली. हाच न्याय हवा होता ना तुला? घे. मी तुला कधी माफ करीन असं वाटत नाही. तू मला करावंस अशी माझी अपेक्षाही नाही.

राजीनामा देणार असशील तर पाच तारखेच्या आधी दे. मी लगेच मंजूर करीन.

वर्षा


यवतमाळ
२९ डिसेंबर २०२५

मा. वर्षा आडे मॅडम, नियोजित सेंटर हेड, यवतमाळ

मेल वाचला त्या दिवशी मी घरी गेले नाही, गॅरेजवर गेले. अब्बा एका जीपखाली होते. खालूनच म्हणाले, "मिली क्या कुर्सी?" मी म्हटलं, मिळाली अब्बा, पण दुसरीला. ते बाहेर आले, हात पुसले आणि मला चहा आणून दिला. तो चहा मी तुला कधी विसरू देणार नाही.

आणि वड्या शिपायाला दिल्यास! अम्मी दोन दिवस खोबरं किसत होती.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. गाडीत तू माझं नाव घेतलंस, त्यावर माझा विश्वास आहे. त्यानं राग कमी होत नाही, उलट वाढतो, कारण आता मला कुणावर ओरडावं ते कळेनासं झालं आहे. तूर्त तुझ्यावरच ओरडते. तू जवळ आहेस, सर लांब आहेत. तूही माझ्याशी हेच केलं होतंस, तेव्हा तक्रार करू नकोस.

राजीनामा देणार नाही. दोन दिवस आनंदात राहायची संधी मी तुला का द्यावी? मी तुझ्या केबिनच्या काचेसमोर बसते, रोज दिसेन. तू इथं फार दिवस राहणार नाहीस, हे तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. तू वरचा मजला सोडणाऱ्यातली नाहीस. ज्या दिवशी त्यासाठी भांडायला पुण्याला जाशील, त्या दिवशी ही खुर्ची कुणाची याबद्दल या सेंटरमध्ये कुणाच्याही मनात शंका राहणार नाही, एवढं काम मी करून ठेवीन. धर्मपाल सरांनी विचारलं की मुली कुणाच्या, तर मुलींनाच उत्तर देऊ दे. जमनीनं तर आत्ताच विचारलं, "आपा, आमची हेड कोन असावं हे आमाले काहून नाही इचारलं कोनं?" तिचा हा प्रश्न तुझ्या पहिल्या मीटिंगच्या विषयांत मी घातला आहे.

हार मिळणार नाही. एसटी स्टँडवर न्यायला कुणी येणार नाही, ऑटो कर. केबिन पुसून ठेवली आहे, ती शिस्त म्हणून, प्रेम म्हणून नाही. तू येणार ही बातमी तांड्यावर पोचली आहे. रूपसिंगकाका त्या दिवशी ऑफिसात येणार म्हणतात, पागोटं बांधून. त्यांना रिसेप्शनवर बसवून ठेवलंस तर मी सगळ्यांसमोर भांडेन.

आता कामाचं. पुढच्या वर्षी अधिक महिना आहे, त्यामुळं तीज सप्टेंबरात सरकते. मुलींनी रजेचे अर्ज आत्ताच टाकले आहेत, तुझ्या मंजुरीच्या रांगेत पडले आहेत. नेहमीसारखी एक टिचकी मारू नकोस. एकेक उघड, नाव वाच, कारण वाच. शेवटचा अर्ज माझा आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे: 'उमरखेडजवळच्या एका तांड्यावर टोपलीला पाणी घालायचं आहे. टोपलीची मालकीण कामात असते.'

मंजूर कर, नाहीतर नाकार. पण नाकारायचा असेल तर कारण लिहावं लागतं, मॅडम. त्याशिवाय सिस्टिम पुढं जात नाही.

गझाला मोहिउद्दीन
टीम लीड, यवतमाळ